अंजनी: बहर नसताना ओळखायची कशी, वाढवायची कशी

अंजनी ओळखायला शिकायचं असेल तर तिच्या फुलांची वाट बघत बसू नका. फुलं आली की ती कुणीही ओळखेल. उन्हाळ्याच्या तोंडाशी, फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान कधीतरी, माथेरान-महाबळेश्वरच्या रानात शिरलं की पानांआडून थेट फांद्यांना चिकटलेले निळे-जांभळे झुपके दिसतात. पायवाटेवर निळा सडा पडलेला असतो, आणि एरवी झाडाकडे ढुंकून न बघणारा माणूसही थांबून विचारतो, हे काय आहे? पण हा बहर थोड्या दिवसांचा. तो चुकला की उरतं ते चकचकीत हिरव्या पानांचं एक साधं झुडूप, आणि सह्याद्रीच्या माथ्यावर तशा दिसणाऱ्या झुडपांची कमतरता नाही. ज्याला अंजनी लावायची आहे त्याची गाठ तिच्याशी पडते ती बी गोळा करताना किंवा रोपवाटिकेत, आणि नेमकं तेव्हा फूल नसतं.

आधी नावाचा घोळ मिटवू, कारण चुकीचं रोप घरी येण्याचं ते मोठं कारण आहे. अंजनीला बरेच लोक नुसतं 'अंजन' म्हणतात. पण खानदेशात आणि कोरड्या पट्ट्यात अंजन म्हटलं की वेगळंच झाड समोर येतं: उंच वाढणारं, पानझडी, शेंगा धरणारं, जोडीजोडीनं पानं असणारं. आपट्याचं पान मधोमध चिरून दोन केलं तर कसं दिसेल तसं त्याचं पान. त्याचं शास्त्रीय नाव हार्डविकिया बायनाटा. आपण बोलतोय ती अंजनी म्हणजे मेमेसायलॉन अम्बेलेटम. जुन्या वनस्पतीग्रंथांत हीच मेमेसायलॉन एड्यूल या नावानं सापडते. रोप मागताना शास्त्रीय नाव सांगा, आणि तरीही पान स्वतः बघा.

पान हातात घ्या

अंजनीची पानं समोरासमोर येतात, म्हणजे फांदीच्या एकाच पेरावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक. पान साधं, अखंड कडांचं, लंबगोल, साधारण बोटाच्या लांबीचं किंवा त्याहून लहान. देठ अगदी आखूड. वरची बाजू गडद आणि चकचकीत, खालची फिकी. पान जाड आणि चामड्यासारखं चिवट असतं.

आता शिरा बघा. मधली शीर दिसेल, पण तिच्यातून फुटणाऱ्या बाजूच्या शिरा जवळजवळ दिसतच नाहीत. पानाचा पृष्ठभाग सपाट, कोरा वाटतो. माझ्या मते अंजनीची सगळ्यात भरवशाची खूण हीच. मजा अशी की ती ज्या कुळातली आहे त्या कुळाची ख्याती बरोबर उलटी आहे. पावसाळ्यात ओल्या कड्यांवर गुलाबी, तीन पाकळ्यांची सोनेरिला फुलते, ती अंजनीची कुळबंधू. तिच्या पानाच्या बुडापासून तीन-पाच ठसठशीत शिरा कमानीसारख्या टोकाकडे जातात. हे कूळ ओळखायला वनस्पतीशास्त्राच्या विद्यार्थ्यांना पहिल्यांदा हेच शिकवतात, आणि मग अंजनी येऊन सगळा धडा मोडते.

दुसरी खूण फांदीवर. अंजनीची फुलं पानांच्या बगलेत येतात, तशीच पानं गळून गेलेल्या जुन्या फांद्यांच्या पेरांवरही येतात, आणि त्याच त्या पेरांवर पुन्हा पुन्हा येतात. त्यामुळे जुनी पेरं जाडसर, खरबरीत, बारीक गाठी आल्यासारखी होतात. बहर नसताना बोट फिरवलं तरी त्या हाताला लागतात.

बाकीची ओळख नकारांनी पटते. पान तोडलं तर चीक येत नाही. करवंदाला येतो, शिवाय करवंदाला काटे असतात. पान चुरडलं तर वास येत नाही. माकडलिंबाच्या पानाला लिंबासारखा येतो, आणि त्याची पानं समोरासमोर नसून एकाआड एक असतात. तुपा आणि लोखंडी ही दोन झुडपं मात्र खरोखर चकवतात. दोघांचीही पानं समोरासमोर, चकचकीत आणि चिवट. तिथे दोन पानांच्या देठांच्या मधे, फांदीवर नीट बघायचं. तुपा आणि लोखंडी कॉफीच्या कुळातल्या, त्यामुळे त्यांच्या देठांच्या मधे एक छोटं त्रिकोणी उपपर्ण, म्हणजे देठाच्या बुडाशी येणारं इवलंसं पान, असतं किंवा ते गळून गेल्याची रेघ असते. अंजनीला उपपर्ण नसतंच. तिथली जागा कोरी.

आणि जांभूळ. जांभळाची कोवळी झाडं आणि अंजनी रानात शेजारी शेजारी असतात, आणि लांबून फरक कळत नाही. जांभळाचं पान उजेडात धरा. बाजूच्या शिरा बारीक, दाट, एकमेकींना समांतर जाऊन कडेच्या एका शिरेला मिळतात, आणि पानभर सुईनं टोचल्यासारखे तेलाचे ठिपके दिसतात. चुरडल्यावर जांभळाचा वास येतो तो वेगळाच.

फूल मिळालंच तर भिंगातून जरूर बघा. एकेक फूल तांदळाच्या दाण्यापेक्षा फार मोठं नसतं. खाली गुलाबीसर छोटा पेला, त्यावर चार निळ्या पाकळ्या, आठ पुंकेसर, आणि प्रत्येक परागकोशाच्या पाठीवर एक बारीक ग्रंथी. दुरून जो रंगाचा फुलोरा दिसतो तो पाकळ्यांइतकाच या निळ्या केसरांचा असतो. तामिळ आणि मल्याळम भक्तिकाव्यात विष्णूच्या, कृष्णाच्या वर्णाला याच फुलाची उपमा देतात. फळ वाटाण्याएवढं, गोल, डोक्यावर पेल्याचा उरलेला काठ मुकुटासारखा. आधी हिरवं, मग पिवळसर-लालसर, आणि पिकल्यावर जांभळट काळं. खाता येतं, पण तुरट. पक्ष्यांना ते आपल्यापेक्षा जास्त आवडतं. आत एकच बी.

ही इतकी हळू का वाढते

अंजनी लावणाऱ्याची पहिली तक्रार ठरलेली असते: वर्ष झालं, वीतभरसुद्धा वाढली नाही. तक्रार खरी आहे. पण तो रोपाचा आजार नसतो, आणि खत घालून त्यावर उपाय होत नाही. त्यासाठी ही वनस्पती कुठे आणि कशी जगते ते थोडं समजून घ्यावं लागतं.

महाबळेश्वरला वर्षाला साधारण साडेपाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो, पण तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. पुढचे सात-आठ महिने कोरडे, त्यात वारा. दक्षिणेकडे, केरळ-कर्नाटकातल्या घाटात, पावसाळा लांबतो आणि सदाहरित रान आभाळाला भिडतं. आपल्याकडे उत्तर सह्याद्रीत तेच रान ठेंगणं राहतं, सात-आठ-दहा मीटरचं. वनस्पतीशास्त्रज्ञ महाबळेश्वर, माथेरान, भीमाशंकरच्या या रानाचं वर्णन अंजनी, जांभूळ आणि पिसा या तीन झाडांच्या नावानं करतात, इतकी ही तिघं तिथे मुरलेली आहेत. देवरायांतही अंजनी हमखास भेटते. उघड्या पठाराच्या कडेला, वाऱ्याच्या मारात ती माणसाच्या उंचीचं झुडूप म्हणून राहते. रानात आडोसा मिळाला की तीच दहा मीटरचं झाड होते. म्हणून तिला झुडूप म्हणायचं की झाड, यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

सदाहरित म्हणजे पान गळत नाही असं नव्हे. पान गळतंच, पण सगळी एकदम गळत नाहीत, आणि प्रत्येक पान बराच काळ काम करतं. पानझडी झाडाचं पान हंगामी मजुरासारखं असतं: पातळ, स्वस्तात बनलेलं, चार महिने राबवायचं आणि कोरड्या दिवसांत सोडून द्यायचं. अंजनीचं पान कायमच्या नोकरीतलं. ते जाड करावं लागतं, त्यावर पाणी उडू नये म्हणून मेणाचा थर चढवावा लागतो, चावणाऱ्या किड्यांपासून वाचावं म्हणून चिवट करावं लागतं. एकेक पान घडवायला खर्च जास्त आणि त्याची परतफेड बऱ्याच दिवसांनी होते. मग नवी पानं आणि नव्या फांद्या उधळपट्टीनं काढणं परवडेल कसं? लाकूडही असंच घट्ट आणि जड. इंग्रजीत तिला लोहवृक्ष म्हणतात ते त्यामुळेच.

जमिनीची गोष्ट याहून रंजक आहे. माथेरान-महाबळेश्वरच्या माथ्यावर काळ्या पाषाणावर जांभ्याची टोपी आहे. लाखो वर्षं ऊन-पाऊस सोसून मूळ खडकातली विरघळणारी द्रव्यं आणि बरीचशी सिलिका वाहून गेली आणि मागे लोह आणि ॲल्युमिनियमची संयुगं उरली, तो हा जांभा. तिथली माती आम्ल असते. सामू (पीएच) साडेपाचच्या खाली गेला की मातीतलं ॲल्युमिनियम विरघळायला लागतं, आणि विरघळलेलं ॲल्युमिनियम बहुतेक झाडांच्या मुळांच्या टोकांना विष ठरतं. काही मोजक्या वनस्पती मात्र ते शोषून घेतात आणि पानांत साठवतात. चहा त्यातला एक. अंजनी आणि तिच्या जवळच्या जातीही त्याच गटात मोडतात. अशा साठवणाऱ्या वनस्पतींची पानं वाळल्यावर बऱ्याचदा तपकिरी न होता पिवळट हिरवी होतात. वहीत दाबून ठेवलेलं अंजनीचं पान बघा.

या गुणाचा उपयोग रंगाऱ्यांनी रसायनशास्त्र जन्मायच्या आधीच हेरला होता. कापडावर रंग पक्का बसावा म्हणून तुरटी लावतात, आणि तुरटी म्हणजे ॲल्युमिनियमचाच क्षार. अंजनीच्या पानांतून पिवळा रंग निघतो. दक्षिण भारतात ही पानं हिरडा आणि पतंग नावाच्या झाडाच्या लाकडाबरोबर वापरून गवती चटयांना गडद लाल रंग देत असत. तुरटीचं काम पान स्वतःच थोडंफार करतं.

लावणाऱ्याला यातून तीन गोष्टी कळतात. हिला आम्ल, निचऱ्याची माती हवी. हिला भरघोस खताची सवय नाही. आणि ही सावकाशच वाढणार.

बी, आणि तेही ताजं

अंजनी वाढवायचा खात्रीचा मार्ग म्हणजे बी. छाट कलमांच्या फंदात नव्या माणसानं पडू नये. इतक्या कडक लाकडाच्या काडीला मुळं फुटवणं हे रोपवाटिकेतल्या सरावाच्या हाताचं काम आहे.

फळं पिकतात ती साधारण उन्हाळा संपता संपता आणि पावसाच्या सुरुवातीला, उंची आणि पाऊसमानाप्रमाणे पुढेमागे. जांभळट काळी झालेलीच घ्या. लालसर फळातलं बी अजून तयार नसतं. दोन गोष्टी कटाक्षानं पाळा. अभयारण्यातून काहीही उचलायला वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 प्रमाणे परवानगी लागते, मग ती मूठभर फळं का असेनात; भीमाशंकर हे अभयारण्य आहे. महाबळेश्वर-पाचगणी 2001 पासून आणि माथेरान 2003 पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथेही वनखात्याला विचारल्याशिवाय हात लावू नका. देवराईत गावाला विचारा. काही देवरायांत पडलेलं पानसुद्धा बाहेर नेत नाहीत. खाजगी जमिनीवरचं किंवा बागेतलं झाड सापडलं तर उत्तम. रानातून रोपं उपटून आणणं तर नकोच. बेकायदा आहे ते आहेच, शिवाय सोटमूळ तुटलेलं अंजनीचं रोप बहुधा जगत नाही.

पिकलेलं फळ पाण्यात चोळून गर काढून टाका आणि बी शक्य तितक्या लवकर पेरा. मिरची-वांग्याचं बी वाळवून डबीत ठेवतो तसं इथे चालत नाही. अशा पाणीदार बियांना सुकणं सोसत नाही. त्या सुकल्या की मेल्या. बी आणून कपाटात ठेवलं आणि दिवाळीनंतर पेरलं, मग उगवलं नाही म्हणून रोपवाटिकेवर राग काढला, असं पुष्कळदा होतं.

पिशवी उथळ नको. सोटमूळ आधी खाली धावतं, वर दोन पानं दिसायच्या आत. लांबट, खोल पिशवी घ्या, एका पिशवीत एकच बी, अर्धा-पाऊण इंच खोल. मिश्रणात लाल माती, जांभ्याची बारीक खडी किंवा भरड वाळू, आणि कुजलेल्या पानांचं खत. शेणखत अगदी थोडं आणि पूर्ण मुरलेलं. राख आणि चुना अजिबात नको, दोन्ही माती अल्कधर्मी करतात. पिशव्या सावलीत ठेवा, माती ओलसर असू द्या, पण चिखल नको. उगवण एकदम आणि सगळीकडे सारखी होत नाही. एक पिशवी हिरवी झाली म्हणून बाकीच्या रिकाम्या समजून ओतून टाकू नका. काही बिया आठवडे घेतात, काही महिने.

रोपं किमान एक पूर्ण वर्ष, आणि जमलं तर दोन पावसाळे, पिशवीतच राहू द्या. वीतभर उंचीचं, खोड थोडं लाकडी झालेलं रोप जमिनीत लावलं की टिकतं. त्याहून कोवळं लावलं की पहिल्याच एप्रिलमध्ये जातं.

जमिनीत लावताना

जून-जुलै, पाऊस बसल्यावर. खड्डा दीड फूट लांब-रुंद-खोल पुरे. कोकणात आणि घाटमाथ्यावर जांभा फोडावा लागला तर निघालेली खडी फेकू नका, तीच मातीत मिसळून परत भरा. देशावरच्या काळ्या मातीत अंजनी लावावी का? मी म्हणेन, लावू नये. काळी माती पावसात पाणी धरून बसते, उन्हाळ्यात भेगाळते आणि बहुतेक ठिकाणी चुनखडीची असते; तिन्ही गोष्टी हिच्या मुळावर येणाऱ्या. लावायचीच हौस असेल तर उंचवट्यावर बाहेरून आणलेली लाल माती घाला, नाहीतर सरळ मोठ्या कुंडीत लावा. बोअरवेलचं जड पाणी सतत घातलं तर त्यातल्या क्षारांनी हळूहळू माती बिघडते. नवी पानं पिवळी पडून फक्त शिरा हिरव्या राहिल्या तर समजा, मातीचा सामू चढलाय आणि झाडाला लोह घेता येत नाहीये. तिथे युरिया टाकून काही होणार नाही. पावसाचं पाणी साठवून घाला आणि पालापाचोळ्याचं आच्छादन वाढवा.

आच्छादन तर हवंच, पण रोपाच्या खोडापासून थोडं दूर. घाटमाथ्यावर लावत असाल तर डिसेंबरनंतर रोपाभोवतीचं वाळकं गवत काढून मोकळं कडं ठेवा. वणवा हा तिथला मोठा शत्रू. पठारावरच्या गवताला आगीची सवय असते, सदाहरित झुडपाच्या रोपाला नसते.

रानात एक युक्ती बघायला मिळते, ती उचलण्यासारखी आहे. उघड्या पठारावर मोठ्या झाडांची रोपं एकटी क्वचित दिसतात. ती करवंदाच्या जाळीतून डोकं वर काढताना दिसतात. जाळीत बसलेल्या पक्ष्याच्या विष्ठेतून बी पडतं, काट्यांमुळे गुरांचं तोंड लागत नाही, सावली मिळते, पालापाचोळा साठतो. तुमच्या जागेत करवंदाची जाळी असेल तर ती साफ करून अंजनी लावण्याऐवजी जाळीच्या ईशान्य कडेला, थोडी आत शिरून लावा. दुपारच्या उन्हाचा आणि वाऱ्याचा मार चुकतो.

पहिले दोन उन्हाळे आठवड्याला एकदा-दोनदा भरपूर पाणी. तिसऱ्या वर्षापासून कोकणात आणि माथ्यावर पाण्याची फार गरज उरत नाही. खत म्हणून पावसाळ्याआधी घमेलंभर पानांचं खत, बस. पानांवर काळा, काजळीसारखा थर दिसला तर तो रोग म्हणून औषध मारू नका, आधी पान उलटून बघा. बहुधा खवले कीड असते आणि तिच्या गोड स्रावावर बुरशी चढलेली असते. ओल्या फडक्यानं पुसून, कडुनिंबाचं तेल साबणाच्या पाण्यात घालून फवारलं की भागतं.

अंजनीचं कुंपण छान होतं, दाट आणि बाराही महिने हिरवं. पण ज्यांना काटकोनात कापलेलं कुंपण आवडतं त्यांनी एक ठरवावं: कुंपण हवं की फुलं? फुलं जुन्या फांद्यांवर, जुन्याच पेरांवर येतात. थंडीत कातरी चालवली तर त्या उन्हाळ्याचा बहर कचऱ्याच्या ढिगात जातो. कापायचंच तर बहर ओसरल्यावर लगेच, आणि फक्त शेंडे. फळं हवी असतील तर काही फांद्या तशाच सोडा. जुन्या फांद्या 'नवी फूट येऊ दे' म्हणून खोडाशी छाटू नयेत. ज्या पेरांवर गाठी धरल्या आहेत तीच पुढच्या वर्षी फुलणार आहेत.

बियांपासून वाढवलेल्या झाडाला पहिलं फूल यायला काही वर्षं जातात. किती, ते जागेवर अवलंबून. घाई असेल तर रोपवाटिकेतून दोन-तीन फूट उंचीचं, वाढलेलं रोप घ्या, आणि घेताना पिशवीच्या तळाशी मूळ बाहेर पडून गुंडाळलं गेलं आहे का ते बघा. तसं असेल तर ते रोप ठेवून दुसरं मागा. वर कितीही चकचकीत पानं असली तरी खाली वेटोळी घातलेलं सोटमूळ नंतर सरळ होत नाही.